'शेतकऱ्यांची यादी' एकाच फोल्डरात तीनदा, आणि कोड म्हणतो तिन्ही वेगळ्या

कोरडवाहू | रविवार, रात्री ११.२०

राम राम राजेहो. तिवसा तालुक्यातून लिहितोय. इन्व्हर्टरमध्ये तासभराचा जीव उरला आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

गावाजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. सातबारा, आठ-अ, पासबुक यांचे स्कॅन तीन ठिकाणांहून येतात आणि सर्व्हरवर एकत्र होतात. एक गठ्ठा ऑफिसातल्या विंडोजच्या डेस्कटॉपवरून, दुसरा गावोगाव फिरणाऱ्या पोट्ट्यांच्या अँड्रॉइड फोनवरून, आणि तिसरा माझ्या चुलतभावाच्या जुन्या मॅकबुकवरून. तो स्कॅन सरळ करून, कापून-छाटून आरसिंक नावाच्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं चढवतो. सर्व्हर लिनक्सचा. फायलीचं नाव म्हणजे गावाचं नाव, गट नंबर आणि कागदाचा प्रकार. प्रोग्राम मुख्य यादीतलं नाव फोल्डरातल्या नावाशी जुळवतो. जुळलं नाही तर 'फाइल नाही' असा शेरा मारतो, मग पोट्टं पुन्हा गावात जातं.

परवा त्यानं २१४ फायली 'नाही' म्हणून दाखवल्या. मोझरीच्या सगळ्या सापडतात, कुऱ्ह्याच्या मात्र एकामागून एक गायब. ऑफिसात सगळे कुऱ्ह्याच्या पोट्ट्यावर घसरले, की हा घरी बसून पगार घेतो. तो बिचारा गाडी काढून पुन्हा गेला. कास्तकार म्हणे, "बापू, मागच्या हप्त्यात तर फोटो काढून नेला तू, आता अजून कायले?"

मी सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर फाइल तिथंच! आणि त्याच फोल्डरात 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या तीन फायली एकाखाली एक. स्पेलिंग तेच, एक्स्टेन्शन तेच. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत असं आजवर समजत होतो. मग ह्या तीन कशा?

मोठं-लहान अक्षर मी सांभाळलं आहे. दोन्ही नावं लोअर करूनच, म्हणजे इंग्रजी अक्षरं लहान करूनच, तुलना करतो. आगंमागंची मोकळी जागाही छाटतो. अजून काय राहिलं?

टर्मिनल_परतवाडा | रविवार, रात्री ११.४१

नाव डोळ्यानं वाचू नकोस. डोळा फॉन्टवर विश्वास ठेवतो. पायथनमध्ये आस्की नावाचं फंक्शन आहे, तिन्ही नावं त्यात टाक आणि काय छापतं ते इथं दे. सोबत प्रत्येकाची लांबी, चिन्हांत आणि यूटीएफ-८ च्या (चिन्हं साठवायच्या पद्धतीच्या) बाइटांत.

'मोझरीच्या सापडतात, कुऱ्ह्याच्या नाही' हे वाचूनच मला वास आला आहे, पण आधी आकडे दे.

कोरडवाहू | सोमवार, सकाळी ७.०५

लाइन आली. घ्या. फक्त 'शेतकऱ्यांची' एवढ्या शब्दाचं देतो.

फोनवरून आलेली: ११ चिन्हं, ३३ बाइट. मधलं अक्षर यू+०९३१ (यूनिकोडमधला त्याचा नंबर), मग हलंत (पाय मोडायची खूण), मग य.

मॅकवरून आलेली: १२ चिन्हं, ३६ बाइट. तिथं यू+०९३० आणि लगेच यू+०९३सी, मग हलंत, मग य.

डेस्कटॉपवरून आलेली: हीसुद्धा १२ चिन्हं, ३६ बाइट. पण यात यू+०९३०, हलंत, यू+२००डी, मग य.

मुख्य यादी पहिल्या प्रकारची आहे. हे २००डी काय भूत आहे?

टर्मिनल_परतवाडा | सोमवार, सकाळी ८.३०

ठीक. भूत नाही, जोडणारा आहे, पण रुंदी शून्य असल्यामुळं दिसत नाही. झिरो विड्थ जॉइनर. एकेक घेऊ.

आपला तो डोक्यावर न चढणारा, पापणीसारखा र. शेतकऱ्यांची, वऱ्हाड, कुऱ्हा, पऱ्हाटी, गुऱ्हाळ. तो यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या मानकात, लिहायची मुख्य रीत म्हणजे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, यू+०९३१, आणि त्याला हलंत. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की हाच ऱ उमटतो. तुझ्या फोनवाल्या फायली अशा आहेत.

आता यूनिकोड म्हणतं की हा ऱ म्हणजेच साधा र अधिक नुक्ता. एकत्र लिहा की सुटं लिहा, अर्थ एकच. एकत्र रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्याला एनएफडी, आणि नाव अशा एका रूपात आणणं म्हणजे नॉर्मलाइझ करणं. मॅकची जुनी फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत), १९९८ सालची एचएफएस प्लस, प्रत्येक नाव साठवण्याआधी स्वतःच सुटं करते. तू एकत्र टाईप केलं तरी वाचताना ती सुटं परत देते. चुलतभावाचं मशीन जुनं म्हणतोस, म्हणजे नक्की तीच. २०१७ ला हाय सिएरासोबत मॅकवर एपीएफएस आली. ती नाव दिलं तसं ठेवते, मात्र शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. म्हणून मॅकवर बसलेल्या माणसाला हा घोळ कधी दिसतच नाही. तो दिसतो तू आणि मी अशा लिनक्सवर बसलेल्यांना.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला नाव म्हणजे निव्वळ बाइटांची माळ. तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. ३३ बाइटांची माळ आणि ३६ बाइटांची माळ एक कशी होणार? तिला मराठी येत नाही. विंडोजच्या एनटीएफएसलाही हे जमत नाही, बरं का. ती मोठं-लहान अक्षर एक मानते, पण एकत्र आणि सुटा ऱ वेगळेच मानते. ह्या तिन्ही फायली विंडोजच्या फोल्डरातही गुण्यागोविंदानं शेजारी राहिल्या असत्या.

तिसरं रूप, म्हणजे र, हलंत आणि जॉइनर, ही जुनी रीत. यूनिकोडच्या आवृत्ती २.० शी जुळतं राहावं म्हणून मानकात अजून ठेवली आहे. ऑफिसात कोणीतरी जुन्या फॉन्टातली यादी कन्व्हर्टरमधून काढली असेल, बघ. आणि खरी गोम इथं आहे. पहिली दोन रूपं यूनिकोडच्या लेखी समान आहेत, तिसरं नाही. नॉर्मलाइझ केलंस तरी तिसरं तसंच राहणार. त्या तक्त्यांत नंतर बदल करायचे नाहीत असं यूनिकोडचं धोरणच आहे, तेव्हा वाट बघून उपयोग नाही.

वावरातला_डेव्हलपर | सोमवार, सकाळी ९.१०

काऊन बे, एवढ्याशा र साठी एवढं पुराण! नॉर्मलाइझ कर, जॉइनर उडवून दे, विषय संपला. मी तर सगळेच न दिसणारे कॅरॅक्टर उडवतो. कोणाले लागून रायले ते?

खारपाणपट्टा | सोमवार, सकाळी ९.५२

थांबा भाऊ, असं करू नका. मी दर्यापूरचा आहे, म्हणून हे मला आधी चावतं.

दर्यापूरमधला र डोक्यावर जातो, तो दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. शाळेत मास्तर आचार्यांना आणि आचाऱ्यांना यावरून छड्या मारायचे. एक गुरुजी, एक स्वयंपाकी. आता जुन्या रीतीनं लिहिलेला आचाऱ्यांना घ्या, म्हणजे र, हलंत, जॉइनर, य. त्यातला जॉइनर उडवला की उरतं र, हलंत, य. आचारी एका झटक्यात आचार्य झाला! दोन वेगळ्या फायली असतील तर तुमचा कोड त्या एकच म्हणेल. आणि कुऱ्ह्याची फाइल जुळायला पाहिजे तर ती जुळणारच नाही, कारण जॉइनर गेल्यावर तिचं 'कुर्हा' होतं, आणि मुख्य यादीत ऱ आहे. म्हणजे दोन्हीकडून मार.

क्रम असा ठेवा. आधी र, हलंत, जॉइनर हे त्रिकूट शोधा आणि त्याच्या जागी ऱ, हलंत घाला. मग एनएफसी करा. त्यानंतर उरलेले जॉइनर काढायचे तर काढा, तेही तुलनेच्या प्रतीतून. मूळ नावाला हात लावायचा नाही.

वावरातला_डेव्हलपर | सोमवार, सकाळी १०.०४

हाव, हे बराबर आहे. माझ्या कोडात आज किती आचारी आचार्य होऊन बसले असतील देव जाणे. बघतो.

नेटकॅफे_मेहकर | सोमवार, दुपारी १.१५

प्रश्न ऱ चा आहे हे कळलं, तरी 'लोअर करून तुलना करतो' या वाक्यावर मला बोलायचंय, कारण पुढं तिथंच पाय अडकणार.

आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही हे सुख आहे. पण एक्स्टेन्शन इंग्रजीत असतं. आमच्या कॅफेतला स्कॅनर कॅपिटलमध्ये जेपीजी लिहितो, मोबाइल स्मॉलमध्ये. विंडोजवर दोन्ही एकच, लिनक्सवर दोन. एका कॉलेजची वेबसाइट घरच्या विंडोजवर मस्त चालवून दाखवली होती मी. सर्व्हरवर चढवली तर लोगो गायब, कारण फायलीत एल मोठा आणि कोडात लहान. उद्घाटनाला प्राचार्य समोर बसलेले. जाऊ द्या.

मुद्दा हा की 'विंडोज असेल तर केस (अक्षराचं मोठं-लहानपण) सोड, लिनक्स असेल तर धर' असा इफ लिहू नका. हा गुण ऑपरेटिंग सिस्टिमचा कमी, त्या फाइल सिस्टिमचा आणि कधीकधी त्या एकाच फोल्डरचा जास्त आहे. लिनक्सला एक्सफॅटचा पेनड्राइव्ह लावा, तो केस बघत नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एखाद्या फोल्डरापुरतं केस बघायला लावता येतं. उलट लिनक्सच्या ५.२ कर्नलपासून, म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी४ च्या एखाद्या फोल्डराला केस विसरायला लावता येतं. मॅक साधारण केस बघत नाही, पण फॉरमॅट करताना कोणी दुसरा पर्याय निवडला असेल तर बघतो.

पायथनचं नॉर्मकेस फंक्शन विंडोजवर सगळं लहान करतं आणि तिरप्या रेघा उलटवतं, पण लिनक्सवर आणि मॅकवर ते काहीच करत नाही. मॅक केस बघत नाही, तरीही! पाथ, म्हणजे फायलींचे पत्ते, हाताळणाऱ्या पाथलिबचंही तेच. विंडोजच्या पाथची तुलना केस सोडून, बाकी सगळ्यांची केस धरून. म्हणजे मॅकवर तुमचा कोड दोन फायली म्हणेल आणि डिस्कवर असेल एक.

कोडाच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट काय करतं ते बघण्यासारखं आहे. नवीन रिपॉझिटरी (कोडाचं कोठार) बनवताना ते सिस्टिमचं नाव विचारत बसत नाही. स्वतःच लिहिलेली कॉन्फिग नावाची फाइल मोठी-लहान अक्षरं सरमिसळ करून शोधून बघतं. सापडली तर समजतं की इथं केस चालत नाही. मॅकवर उमलाउटवालं (डोक्यावर दोन टिंबांचं) अक्षर एकत्र लिहून सुट्या रूपात शोधायचीही परीक्षा घेतं. ज्या फोल्डरात काम करायचं तिथंच एक तात्पुरती फाइल टाकून विचारा, दुसरीकडची ऐकीव माहिती नको.

टर्मिनल_परतवाडा | सोमवार, दुपारी २.००

सहमत. एक जोड देतो. विंडोज 'एक मानतं' म्हणजे नक्की कसं? एनटीएफएसच्या प्रत्येक ड्राइव्हवर फॉरमॅट करतानाच एक तक्ता लिहून ठेवलेला असतो. ६५,५३६ नोंदी, प्रत्येकी दोन बाइट, एकूण १२८ केबी. कोणत्या अक्षराचं कॅपिटल कोणतं, एकास एक. त्यात भाषा नाही, व्याकरण नाही. तुमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं लोअर, अपर किंवा केसफोल्ड (तुलनेसाठी मोठं-लहान मिटवणारं) हे त्याहून जास्त शहाणं असतं, आणि तेच नडतं. जर्मन ß ला पायथनचं केसफोल्ड दोन एस करतं, एनटीएफएस करत नाही. तुर्की सेटिंगच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये अक्षरं लहान करणारं साधं टूलोअर लावलं की कॅपिटल आयचा बिनटिंबाचा आय होतो आणि फाइल हरवते. तिथं भाषा न बघणारी ऑर्डिनल इग्नोअरकेस तुलना वापरायची.

तिवशात कोणाकडं तुर्की विंडोज असेल असं नाही, पण सवय चांगली.

मास्तरीणबाई | सोमवार, संध्याकाळी ६.४०

मी शिक्षिका आहे, कोड फार येत नाही, शाळेच्या नोंदींपुरता लिहिते. पण सातबारा म्हटलं म्हणून विचारते. तुम्ही फायलीच्या नावात '७/१२' असं लिहीत नाही ना? मी लिहिलं होतं. प्रोग्राममध्ये 'मधले फोल्डर नसतील तर बनव' असंही टाकलं होतं. त्यानं इमानदारीत '७' नावाचा फोल्डर बनवला आणि आत '१२' नावाची फाइल. पन्नास पालकांचे उतारे एकावर एक लिहिले गेले, शेवटच्याचा तेवढा उरला.

नेटकॅफे_मेहकर | सोमवार, संध्याकाळी ७.०२

ताई, हसू आलं, माफ करा. मॅकवर याहून मजा. फाइंडरमध्ये ७/१२ असं नाव खुशाल देता येतं. आत मात्र तो तिरप्या रेघेच्या जागी अपूर्णविराम, म्हणजे कोलन धरतो. टर्मिनलमध्ये तीच फाइल ७:१२ दिसते. स्क्रीनवर एक नाव, कोडाला दुसरं.

आणि कोलन विंडोजवर गेला तर अजून पुढची गंमत. एक्सप्लोरर नकार देतो, पण कोडातून उघडायला गेलं तर एनटीएफएस कोलनच्या पुढचा भाग लपलेला प्रवाह समजते. 'अर्ज:५' लिहिलं तर 'अर्ज' नावाची शून्य बाइटांची फाइल दिसते आणि मजकूर तिच्या पोटात. एरर येत नाही. मी दोन तास शोधत होतो.

आपल्या मराठी सवयींपैकी दुसरी म्हणजे शेवटचा टिंब. ता., जि., क्र., रा. असं लिहायची आपल्याला सवयच. फोल्डराचं नाव 'तिवसा ता.' असं लिनक्सवर ठेवा, राहील. विंडोज नावाच्या शेवटचा टिंब आणि शेवटची मोकळी जागा गपचूप खाऊन टाकतं. मग तुलना जुळत नाही.

आणि कॉलेजवाल्यांनो, पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदणी नंबरांच्या यादीला इंग्रजीत नुसतं पीआरएन नाव देऊ नका. डॉसच्या काळापासून विंडोजमध्ये ते प्रिंटरचं राखीव नाव आहे. विंडोज १० तर पुढं सीएसव्ही लावलं तरी ऐकत नाही.

तुरीची_डाळ | सोमवार, रात्री ९.३०

हे सगळं वाचून मी काल रात्री काय केलं असतं ते सांगतो, कारण मागच्या वर्षी केलंच होतं. इथं कोणी 'सगळ्या फायलींची नावंच एनएफसी करून टाका' म्हणायच्या आत.

मी एका पतसंस्थेचं काम करत होतो. असाच घोळ. मी शहाणपणा करून स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फाइल घे, नाव शुद्ध कर, रिनेम कर. घरच्या विंडोजवर तपासली, मस्त. लिनक्स सर्व्हरवर चालवली, तीही न कुरकुरता चालली. सकाळी ३७ फायली कमी.

पायथनचं रिनेम विंडोजवर समोर त्याच नावाची फाइल असेल तर अडतं, एरर देतं. लिनक्सवर तेच रिनेम समोरची फाइल पुसून तिच्या जागी बसतं, हूं की चूं नाही. सुट्या ऱ ची फाइल शुद्ध झाली आणि एकत्र ऱ वाल्या फायलीच्या उरावर बसली. दोन्हीत मजकूर वेगळा होता. एक जुना स्कॅन, एक नवा. बॅकअप? त्यातही रात्री तेच शुद्ध रूप गेलं होतं. पेरणीच्या दिवसांत ३७ घरी जाऊन पुन्हा कागद मागितले. लोकं वावरात, मी बांधावर उभा, हातात मोबाइल. कोणी चहा पाजला, कोणी आईबापाचा उद्धार केला.

म्हणून माझं म्हणणं, तुलनेसाठी किल्ली, म्हणजे नावाची शुद्ध केलेली प्रत, वेगळी बनवा, डिस्कवरचं नाव वेगळं राहू द्या. किल्लीवरून यादी बांधा. एका किल्लीवर दोन फायली सापडल्या तर थांबा आणि माणसाला दाखवा. कोडानं परस्पर निवाडा करायचा नाही.

टर्मिनल_परतवाडा | सोमवार, रात्री १०.०५

वरच्या प्रतिसादाला माझी पूर्ण पावती. आणि 'ह्या दोन पाथ म्हणजे एकच फाइल का' एवढंच विचारायचं असेल, आणि दोन्ही फायली समोर डिस्कवर असतील, तर नावांची तुलना करूच नका. सेमफाइल नावाचं फंक्शन आहे. ते डिव्हाइस आणि आयनोडचा, म्हणजे डिस्कवरच्या त्या फायलीच्या नोंदीचा, नंबर बघतं. नावाचा घोळ संपतो. एकाच फायलीला दोन हार्डलिंक, म्हणजे दोन नावं, असतील तर तेही एकच म्हणेल, तेवढं ध्यानात ठेवा.

पण कोरडवाहूचा प्रश्न तो नाही. त्याच्याकडं एका बाजूला यादीतला मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला फाइल. तिथं किल्लीच लागते.

कोरडवाहू | मंगळवार, रात्री १०.४८

मंडळी, आज बसलो आणि केलं. इथं इंग्रजी कोड चिकटवत नाही, शब्दांत सांगतो.

किल्ली बनवणारं एक फंक्शन. आधी र-हलंत-जॉइनरचं ऱ-हलंत. मग एनएफसी. मग केसफोल्ड, मग पुन्हा एकदा एनएफसी, कारण केसफोल्डनंतर रूप पुन्हा सुटू शकतं असं वाचलं. शेवटचे टिंब आणि मोकळ्या जागा काढल्या. देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलले, कारण गट नंबर कोणी ११२ असा लिहितं, कोणी इंग्रजीत, आणि नॉर्मलायझेशन अंकांना हात लावत नाही. ते पहिल्यांदा कळलं. मूळ नाव तसंच.

चालवलं. २१४ पैकी १३१ मॅकचे निघाले, सुटा ऱ. ७७ डेस्कटॉपचे, जॉइनरवाले. कन्व्हर्टरचा अंदाज बरोबर होता. ऑफिसातल्या ताईंनी कबूल केलं की जुनी यादी कुठल्यातरी वेबसाइटवर टाकून यूनिकोड करून घेतली होती. उरल्या ६.

त्यातल्या चार एका वकील साहेबांच्या वावराच्या. नावाची सुरुवात 'ॲड' अशी. दिसायला चारही सारख्या, आणि किल्ली जुळत नाही. आता काय?

खारपाणपट्टा | मंगळवार, रात्री ११.०३

तो ॲ. २००८ च्या यूनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःचा नंबर मिळाला, यू+०९७२. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र लावायचे, आणि काही कीबोर्ड अजून तसंच लिहितात. दिसायला तेच, पण यूनिकोड या दोघांना समान मानत नाही. एनएफसी हात लावणार नाही. तुझ्या त्रिकुटाच्या ओळीखाली अजून एक ओळ टाक, अ अधिक चंद्राचा ॲ. ऑगस्टच्या ऑ चंही तपास, कोणी अ ला ॉ लावून लिहिलेला असतो. ऑगस्टच्या पंचनाम्यांच्या फायली असतीलच तुझ्याकडं.

कोरडवाहू | मंगळवार, रात्री ११.३०

चारही जुळल्या! ऑगस्टचीही एक मिळाली, पण ती वेगळ्या फोल्डरात होती, ह्या २१४ च्या बाहेरची. राहिलेल्या दोन खरोखरच नाहीत. कुऱ्ह्याच्या पोट्ट्याला सांगितलं की बाबा, २१४ चे दोन झाले. तो म्हणे, त्या दोन म्हातारीच्या घरच्या आहेत, तिनं कागद दिलेच नव्हते, मी तेव्हाच बोललो होतो. ऑफिसात त्याची कोणी माफी मागितली नाही, मीच चहा पाजला.

चुलतभावाला आरसिंकमध्ये आयकॉन्व्ह (नावांचं रूप बदलणारा पर्याय) लावायला सांगितलं आहे, यूटीएफ-८-मॅक कडून यूटीएफ-८ कडे. म्हणजे पुढं तरी सुटे ऱ येणार नाहीत.

एक विचारायचं राहिलं. एका फायलीवर सर्व्हर 'नाव फार लांब' म्हणतो. विंडोजवर तीच आरामात उघडते. नाव मोजलं, शंभराच्या आतबाहेर चिन्हं. मर्यादा २५५ ची ना?

टर्मिनल_परतवाडा | बुधवार, सकाळी ८.१५

एनटीएफएसची २५५ यूटीएफ-१६ एककांची, आणि देवनागरीचं एक चिन्ह तिथं एकच एकक. ईएक्सटी४ ची २५५ बाइटांची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. २५५ भागिले ३ म्हणजे ८५. 'मौजे अमुक येथील अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांच्या नुकसानीबाबत' असं सरकारी थाटाचं नाव ठेवलं की संपलं. सुटा ऱ असेल तर अजून तीन बाइट गेले.

वावरातला_डेव्हलपर | बुधवार, सकाळी ८.४०

राजेहो, मले एक समजून नाई रायलं. एवढा ताप कायले घेता? आपल्याकडं कोण शेतकरी म्हणते? 'कास्तकारांची यादी' ठेव ना नाव. ऱ चा विषयच मिटला.

कोरडवाहू | बुधवार, सकाळी ८.५५

आणि पऱ्हाटीच्या पेऱ्याची फाइल?

वावरातला_डेव्हलपर | बुधवार, सकाळी ८.५७

कपाशी म्हण.

कोरडवाहू | बुधवार, सकाळी ९.०१

गावाचं नाव कुऱ्हा आहे भाऊ.